बॉरिसचा जमीनदार: श्राव्यमालिकेच्या कामाच्या नोंदी

4 जून

मालिकेला होकार आला. चार भाग, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांचे. विषय: आर्थर मॅकमरो कॅव्हना. जन्म 25 मार्च 1831, घर बॉरिस हाउस, काउंटी कार्लो, आयर्लंड. 1866 ते 1880 वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटात खासदार, आधी वेक्सफर्डमधून आणि 1868 पासून स्वतःच्या कार्लोमधून. हातपायांच्या जागी जन्मापासून जेमतेम खुंट.

संपादन ताईंकडे आहे. त्यांचं म्हणणं, पहिल्या अर्ध्या मिनिटात शरीराचा उल्लेख आलाच पाहिजे, नाहीतर ऐकणारा पुढे सरकतो. येऊ दे की, मला काहीच अडचण नाही. पण चारही भाग त्याच एका गोष्टीवर रेटायला माझी तयारी नाही. या माणसाबद्दल जे काही सापडतं त्यातलं निम्म्याहून जास्त 'बघा, तरीही त्याने केलं' या सुरातलं आहे, आणि तो नेमकं काय करत होता हे विचारायची कुणाला गरज वाटलेली दिसत नाही. 'जिद्दीची कहाणी' हे कामचलाऊ नाव मी खोडलं. ताईंनी त्याच्या खाली पेन्सिलीने 'बघू' असं लिहून ठेवलंय.

निवेदकाला उच्चारांचा कागद दिला. कॅव्हना, मॅकमरो, लेन्स्टर, बॅगनल्सटाउन. शहाणा मुलगा आहे, एकदाच सांगावं लागतं.

9 जून

वंशावळ लावायला बसलो आणि दिवस त्यातच गेला. आयर्लंडमधले बहुतेक मोठे जमीनदार हे सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडहून येऊन जप्त जमिनींवर बसलेल्यांचे वंशज. कॅव्हना तसे नाहीत. हे लेन्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या पूर्वेकडच्या प्रांताच्या, जुन्या राजांचं घराणं. मूळपुरुष डिअरमिड मॅकमरो. 1166 मध्ये आयर्लंडचा राजाधिराज रोरी ओ'कॉनर याच्या बाजूने त्याला राज्यातून हाकलण्यात आलं. तो इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडे गेला आणि वेल्समधल्या नॉर्मन सरदारांना घेऊन परतला. नॉर्मन 1169 मध्ये उतरले ते परत गेलेच नाहीत. इंग्रज सत्तेला दार उघडणारा म्हणून आयरिश इतिहासात हा माणूस आजही शिव्यांचा धनी आहे.

उलट त्याच वंशातला आर्ट मॅकमरो कॅव्हना हा चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डला दोनदा पुरून उरला. म्हणजे घरात दोन्ही आहेत, परक्यांना आणणारा आणि परक्यांशी लढणारा. आर्थरच्या वाट्याला नेमका कोणाचा वारसा आला, असा प्रश्न पहिल्या भागात टाकायचा मोह होतोय. टाकणार नाही, स्वस्त वाटेल.

कॅथलिकांवर निर्बंध लादणाऱ्या पीनल कायद्यांच्या काळात कॅथलिक राहून जमीन टिकवणं अवघड होतं. कॅव्हना घराणं शेवटी प्रस्थापित, म्हणजे सरकारमान्य प्रॉटेस्टंट, चर्चमध्ये गेलं आणि जमीन राहिली. कुळं कॅथलिकच राहिली. आर्थरचे वडील थॉमस हेही कार्लोचे खासदार, 1837 मध्ये वारले, तेव्हा आर्थरला सहा वर्षंही पुरी नव्हती. आई लेडी हॅरिएट ही क्लॅनकार्टीच्या अर्लची मुलगी. हा अर्ल व्हिएन्नाच्या काँग्रेसमध्ये ब्रिटनच्या प्रतिनिधींपैकी एक होता. थोरले दोन भाऊ, चार्ल्स आणि टॉम. आर्थर धाकटा, म्हणजे रिवाजाप्रमाणे इस्टेट त्याच्याकडे यायचं कारणच नव्हतं.

15 जून

पहिल्या भागाचा मधला तुकडा लिहिला: खोगीर.

साधं खोगीर चालणार नव्हतं. त्याच्यासाठी टोपलीवजा बैठक असलेलं खोगीर बनवलं, त्यात त्याला बसवून पट्ट्यांनी आवळायचं. लगाम हाताच्या खुंटांभोवती गुंडाळलेला. असा तो लहानपणापासून घोड्यावर बसायला शिकला आणि पुढे शिकारीच्या मागे कुंपणांवरून उड्या मारत जाण्याइतका पक्का झाला. घोडा पडला तर पट्ट्यांमुळे हाही त्याच्याबरोबरच पडणार, सुटून बाजूला होण्याची सोय नाही. बंदूक चालवणं, मासेमारी, चित्रं काढणं, लिहिणं, सगळं शिकला. डॉक्टर बॉक्सवेल आणि आई यांनी ठरवलेलं होतं, पोराला काचेच्या कपाटात ठेवायचं नाही.

ताईंना हा तुकडा फार आवडला. मला त्यात एक माणूस दिसत राहतो, त्याचं नाव कुठे येत नाही: आर्थरला उचलून घोड्यावर ठेवणारा, पट्टे आवळणारा, संध्याकाळी उतरवून घेणारा मोतद्दार. खोगीर बनवणारा कारागीर. घोडे, तबेला, चराईची कुरणं. गावातल्या एखाद्या कुळाच्या घरी असंच मूल जन्माला आलं असतं तर? हे वाक्य संहितेत ठेवलंय. ताईंनी खोडलं नाही.

22 जून

प्रवासाचं कलम. थोडक्यात उरकतो, कारण हे इतक्यांनी सांगितलंय.

1846 ते 48 आईबरोबर इजिप्त, नाईलमधून नुबियापर्यंत, मग पॅलेस्टाइन. लेडी हॅरिएटने या प्रवासात जमवलेल्या इजिप्शियन वस्तू आज आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ही बाई स्वतंत्र मालिकेचा विषय आहे, पण आता नाही.

1848 मध्ये इंग्रज सत्तेविरुद्ध 'यंग आयर्लंड'चा उठाव झाला. तेव्हा सतरा वर्षांचा आर्थर रात्री घोड्यावरून फिरून बंडखोरांच्या हालचाली टिपत होता, सरकारच्या बाजूने. हे मात्र लक्षात ठेवायला हवं. राजकारण तिथून सुरू होतं.

1849 मध्ये इस्टेटीवरच्या मुलींशी त्याची प्रकरणं आईच्या कानावर गेली आणि तिने त्याला थोरला भाऊ टॉम आणि एका पाद्री शिक्षकाबरोबर देशाबाहेर पाठवून दिलं. कुठे, तर स्कँडिनेव्हिया, रशिया, व्होल्गेवरून खाली कॅस्पियन, पर्शिया, मेसोपोटेमिया आणि तिथून हिंदुस्थान. ताई म्हणाल्या, "आमच्याकडे मामाच्या गावाला पाठवतात." हे निवेदनात घ्या म्हणत होत्या. नको म्हटलं.

मुलींचं काय झालं, याबद्दल नोंदी गप्प आहेत. म्हणून मी हा प्रसंग गमतीच्या सुरात लिहिलेला नाही. जमीनदाराचा मुलगा आणि कुळाची मुलगी. त्यात 'प्रेमप्रकरण' म्हणण्याजोगं किती असेल?

27 जून

आपल्याकडचा धागा. भाऊ टॉम आजारी, हवापालटासाठी ऑस्ट्रेलियाकडे निघाला आणि त्या प्रवासातच वारला. आर्थर हिंदुस्थानात एकटा उरला, खिशात 30 शिलिंग. त्याने नोकरी धरली: औरंगाबाद भागात सरकारी टपाल घोड्यावरून नेणारा स्वार. त्यानंतर पुणे जिल्ह्याच्या सर्व्हे खात्यात जागा मिळाली. साल 1852-53. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या मुलखात, पण हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी तिथे होती आणि तिच्यावर अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा.

पुण्याच्या सर्व्हेबद्दल मामांना विचारायला गेलो. मामा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले, आयुष्यभर साखळी ओढली. चहा व्हायच्या आत त्यांनी जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर चौकोन काढला. "हे बघ, साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस किती? एक हजार एकोणनव्वद. हा तुझा गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. फ्लॅट घेताना गुंठा गुंठा करता ना, तो इथून आला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पेशवाई गेल्यावर प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे भागात केलेली आकारणी इतकी जड झाली की शेतकरी गावं सोडून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 मध्ये इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. शेताला सर्व्हे नंबर, हद्दीला दगड, मातीची प्रत आण्यांत ठरवायची, त्यावरून सारा, आणि तो तीस वर्षं बदलायचा नाही. 1847 च्या संयुक्त अहवालात सगळे नियम बांधून टाकले. आर्थर पुण्याला आला तेव्हा हे यंत्र जोरात चालू होतं.

"म्हणजे तो माझ्याच खात्यातला," मामा म्हणाले. "पेन्शन मिळाली का रे त्याला?"

नाही मिळाली. 1853 मध्ये मोठा भाऊ चार्ल्सही वारला आणि आर्थर इस्टेटीचा धनी होऊन घरी परतला. पण मामांकडून येताना एक गोष्ट डोक्यात बसली. हा माणूस बावीस वर्षांचा होईपर्यंत अशा खात्यात काम करून गेला, जिथे शेतकऱ्याने किती द्यायचं हे सरकार मोजून ठरवत होतं आणि तीस वर्षांसाठी गोठवत होतं. जवळजवळ तितक्याच वर्षांनी, स्वतःच्या देशात, सरकारने खंड ठरवायचा प्रश्न आला तेव्हा तो विरोधात उभा राहिला. त्याने स्वतः हा सांधा जोडला, असा दावा मी करत नाही. आणि फरकही आहे: इथे सरकार स्वतः सारा घेत होतं, तिथे मध्ये जमीनदार होता, आणि तो जमीनदार हाच. तरी दोन्ही गोष्टी एका भागात शेजारी ठेवणार.

6 जुलै

दुसरा भाग: इस्टेट. मोठा दुष्काळ 1845 ते 49. बटाट्यावर करपा रोग पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. कार्लोला पश्चिमेकडच्या भागांइतका फटका बसला नाही, पण आर्थर परतला तो अशा देशात.

1855 मध्ये त्याने नात्यातल्या मेरी फ्रान्सिस फोर्ड-लेदलीशी लग्न केलं. 1856 मध्ये किलकेनीचा आणि 1857 मध्ये कार्लोचा हाय शेरीफ. सात मुलं. हातपायांचं व्यंग पुढच्या पिढीत आलं नाही.

जमीनदार म्हणून त्याचं काम खरंच चांगलं होतं, हे मान्य करायलाच हवं. बॉरिस आणि बॅलिरॅगेट ही गावं त्याने बरीचशी नव्याने बांधली, मजुरांच्या घरांच्या आराखड्यांना रॉयल डब्लिन सोसायटीचं पारितोषिक मिळालं, बॅगनल्सटाउनपासून बॉरिसपर्यंतच्या रेल्वेला त्याने पैसा दिला. न्यू रॉसच्या दरिद्राश्रमात कॅथलिकांसाठी प्रार्थनास्थळ व्हावं म्हणून हा प्रॉटेस्टंट माणूस पुढे झाला. गावातल्या बायकांना मजुरी मिळावी म्हणून लेडी हॅरिएटने कॉर्फूहून आणलेल्या नमुन्यांवरून बॉरिस लेसचं काम सुरू केलं होतं, तेही चालू राहिलं.

आणि ओकचं झाड. बॉरिस हाउसच्या अंगणात जुन्या ओकखाली तो बसायचा, कुळं येऊन गाऱ्हाणी सांगायची, हा निवाडा द्यायचा. भांडणं, बांध, थकलेला खंड, लग्नाचे वाद. कोकणातल्या श्रोत्याला खोताच्या ओटीची ओळख असेल, त्यामुळे एवढं सांगितलं तरी पुरे. ओटीवर न्याय मिळतही असेल, पण तो मागायला ओटीखालीच उभं राहावं लागतं, आणि निकालावर अपील नाही.

ध्वनिसंयोजकाने या प्रसंगाला चिमण्यांचा आवाज टाकलाय. एकाच्या जागी पंचवीस चिमण्या आहेत. कमी करायला सांगितलं.

14 जुलै

पार्लमेंट. सेवक त्याला सभागृहात आणून बाकावर बसवत असे. खुर्ची चाकांची. आयर्लंडहून तो शिडाच्या नौकेतून यायचा आणि थेम्समध्ये पार्लमेंटजवळ नौका नांगरून मुक्काम करायचा. बोलायचा क्वचितच, पण बोलला की सभागृह शांत ऐकायचं.

पक्ष कॉन्झर्वेटिव्ह. 1869 मध्ये लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टनने आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचा सरकारी दर्जा काढून घेतला, त्याला कॅव्हनाचा विरोध. 1870 च्या जमीन कायद्याला मात्र त्याने पाठिंबा दिला. त्या कायद्यात कुळाने केलेल्या सुधारणांची भरपाई आणि खंड भरत असतानाही काढून लावलं तर नुकसानभरपाई, मुख्यतः एवढंच होतं. चांगला जमीनदार जे आपणहून करतो ते इतरांना कायद्याने करायला लावायला त्याची हरकत नव्हती. त्याच्या मर्यादेची रेघ मला इथे दिसते. वाईट जमीनदार असू नयेत, जमीनदारी मात्र असावी.

हा भाग लिहायला कोरडा आहे. निवेदकाने वाचून दाखवला तेव्हा त्याचाही आवाज कोरडा झाला. निम्मा कापला.

23 जुलै

तिसरा भाग, मालिकेचा कणा. एप्रिल 1880 ची निवडणूक.

आधी मतदानाची पद्धत समजावून सांगावी लागेल. 1872 पर्यंत मत उघड होतं. मतदाराने केंद्रावर जायचं, अधिकाऱ्यासमोर उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचं, अधिकाऱ्याने वहीत लिहायचं. बाजूला जमीनदाराचा कारभारी उभा. बऱ्याच कुळांकडे जमीन वर्षाच्या करारावर, म्हणजे कारभाऱ्याच्या मनात आलं तर पुढच्या वर्षी नोटीस. 1872 च्या बॅलट कायद्याने कागदी चिठ्ठी आणि आडोसा आला.

सगळे हेच कारण सांगतात: आडोसा आला आणि कुळं उलटली. मला ते तेवढ्यावर पटत नाही. कारण आडोशात झालेली पहिली सार्वत्रिक निवडणूक 1874 ची, आणि त्यात कॅव्हना आणि त्याचा जोडीदार हेन्री ब्रूएन हे दोघेही कार्लोतून निवडून आले. आडोसा तेव्हाही होताच की. सहा वर्षांत बदललं ते दुसरंच: 1877 पासून सलग पिकं बुडाली, अमेरिकेच्या धान्याने भाव पडले, खंड थकले, आणि ऑक्टोबर 1879 मध्ये डब्लिनमध्ये लँड लीग ही कुळांच्या बाजूची संघटना स्थापन झाली. मेयोपासून सुरू झालेली चळवळ देशभर पसरत होती. आडोशाने भीती गेली असेल, पण जमीनदाराच्या विरोधात मत देण्यासारखं काही समोर लागतं. ते 1880 मध्ये मिळालं.

चळवळीचा अध्यक्ष चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल. तोही जमीनदार, तोही प्रॉटेस्टंट, घर शेजारच्याच विकलो काउंटीत, अॅव्हनडेलला. कार्लोला लागून. दोघांच्या घरच्या भिंतींवर एकाच प्रकारची तैलचित्रं असणार. हे श्रोत्याला सांगितलं नाही तर हा धर्माचा किंवा वंशाचा झगडा वाटेल.

कार्लोत कॅव्हनाच्या विरोधात एडमंड ड्वायर ग्रे, 'फ्रीमन्स जर्नल' या वर्तमानपत्राचा मालक, जो त्याच वर्षी डब्लिनचा लॉर्ड मेयर होता. ग्रे निवडून आला, दुसरी जागाही होमरूलवाल्यांनी, म्हणजे आयर्लंडला स्वतःचं पार्लमेंट मागणाऱ्यांनी, घेतली. कॅव्हना आणि ब्रूएन दोघेही पडले.

नंतर कॅव्हनाने पत्रात लिहिलं की जागा गेल्याचं दुःख बाजूला, पण आपल्याच माणसांनी, शब्द देऊन, आपल्याविरुद्ध मत दिलं याचा घाव खोल आहे. चरित्रकारांनी हे पत्र कृतघ्न कुळांचा पुरावा म्हणून वापरलंय. मी उलट बाजूने वाचतो. शब्द कधी दिला असेल? प्रचाराला येऊन उभ्या असलेल्या जमीनदाराला कुळ 'नाही' कसं म्हणणार? ओकखाली ज्याने तुमच्या बांधाचा निवाडा केला, ज्याने तुमच्या छपराला कौलं दिली, त्याच्या तोंडावर 'हो साहेब' म्हणायचं, आणि चिठ्ठीवर खूण दुसरीकडे. दोन्ही खरं असू शकतं. घरं चांगली बांधली याचं ऋणही, आणि हे घर कुणा एकाच्या मर्जीवर नको, ही इच्छाही.

ताईंनी या परिच्छेदाच्या कडेला लिहिलं: "इथे तुमचा आवाज जास्त होतोय." होऊ दे.

2 ऑगस्ट

बेसबरो आयोग. याचा आनंद मला दोन दिवस पुरला.

निवडणूक हरल्यावर त्याच वर्षी ग्लॅडस्टन सरकारने आयर्लंडच्या जमीन कायद्याची चौकशी करायला आयोग नेमला. अध्यक्ष अर्ल ऑफ बेसबरो. चार सदस्यांत एक कॅव्हना आणि एक ओ'कॉनर डॉन. हा ओ'कॉनर डॉन म्हणजे पश्चिमेकडच्या कनॉट प्रांताच्या ओ'कॉनर राजांच्या घराण्याचा प्रमुख. 1166 मध्ये डिअरमिड मॅकमरोला ज्याच्यामुळे परागंदा व्हावं लागलं, त्या रोरी ओ'कॉनरचं घराणं. सातशे चौदा वर्षांनी दोन्ही घराण्यांचे वारस एका टेबलापाशी बसून कुळांच्या साक्षी ऐकतायत. वर आणखी एक: कॅथलिक असूनही ओ'कॉनर डॉन त्याच निवडणुकीत रॉसकॉमनमध्ये पार्नेलच्या उमेदवाराकडून पडला होता. दोन राजवंश, दोघेही ताजे पराभूत.

आयोगाचा अहवाल जानेवारी 1881 मध्ये आला. शिफारस तीन गोष्टींची: वाजवी खंड, तो भरत असेपर्यंत जमिनीवरून न हलवण्याची हमी, आणि कुळाला आपला हक्क विकण्याची मोकळीक. कॅव्हनाने ही त्रिसूत्री मान्य केली नाही. स्वतंत्र अहवाल लिहिला. त्याच वर्षी ग्लॅडस्टनने कायदा केला, जमीन न्यायालयं खंड ठरवू लागली, पंधरा वर्षांसाठी. कुळकायदा आणि 'कसेल त्याची जमीन' ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना इथे फार समजवावं लागणार नाही. मामांना फोन करून पंधरा वर्षांचा आकडा सांगितला. म्हणाले, "आमची तीस बरी."

11 ऑगस्ट

तिसऱ्या भागाचं ध्वनिमुद्रण. निवेदकाने पराभवाचा भाग हळवा वाचला, आवाज खाली आणून. दोनदा थांबवलं. बातमीसारखा वाच म्हटलं. तिसऱ्यांदा बरोबर आला. चिमण्या आता दोनच आहेत.

18 ऑगस्ट

चौथा भाग, पहिला अर्धा. 1880 मध्येच तो कार्लोचा लॉर्ड लेफ्टनंट झाला, म्हणजे काउंटीत राणीचा प्रतिनिधी. नेमणूक ग्लॅडस्टन सरकारची, ज्याच्या धोरणाला त्याने पुढे विरोध केला. मतदारांनी नाकारलेला माणूस त्याच काउंटीचा मानकरी. 1886 मध्ये आयर्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलचा सदस्य.

1882 मध्ये त्याने जमीनदारांची लँड कॉर्पोरेशन उभी केली. कुळाला काढून लावलेल्या शेतांवर लीगच्या बहिष्कारामुळे दुसरा कुणी पाऊल ठेवत नव्हता. कॉर्पोरेशनने अशी शेतं स्वतः घ्यायची, गुरं आणि मजूर आणून कसायची, म्हणजे बहिष्काराची धार जाईल. ओकखालचा जमीनदार आणि हा जमीनदार एकच आहे, हे श्रोत्याला गिळायला जड जाईल. जाऊ दे. मला यात विसंगती दिसत नाही: पहिला कुळाला सांभाळत होता कारण कुळ त्याचं होतं, दुसरा कुळाला बाहेर ठेवत होता कारण ते आता त्याचं राहिलं नव्हतं. कॉर्पोरेशनला फार मोठं यश आलं नाही.

25 डिसेंबर 1889, लंडनमध्ये न्यूमोनियाने मृत्यू. वय 58. एका नातेवाईक बाईने दोन वर्षांत चरित्र लिहिलं, आणि आपण आज जे काही वाचतो त्यातलं बरंच तिथूनच आलेलं आहे. घरच्यांनी लिहिलेल्या चरित्राला जी चव असते ती त्यालाही आहे.

26 ऑगस्ट

मुलं. धाकट्यांपैकी चार्ल्स टोलर सैन्यात गेला, घोडदळात, 1914 मध्ये ईप्रच्या लढाईत ब्रिगेड चालवली आणि 1916 पासून पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिश कॅव्हलरी कोअरचा सेनापती झाला. खोगिराला बांधून बसणाऱ्याचा मुलगा. ताईंना याच्यावर शेवट हवा होता. मी म्हटलं, शेवट थोरल्यावर.

थोरला वॉल्टर, जन्म 1856. त्याच्या हयातीत बापाचं जग कायद्याने मोडलं. 1898 च्या कायद्याने काउंटी कौन्सिलं निवडणुकीने येऊ लागली आणि जमीनदारांच्या हातातला स्थानिक कारभार गेला. 1903 च्या विंडम कायद्याने सरकारने जमीनदारांना रोख किंमत आणि वर 12 टक्के बोनस देऊन कुळांना जमीन विकायला लावण्याचा मार्ग काढला. कुळांनी कर्ज साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचं. बापाने अडवून धरलेला प्रश्न शेवटी सरकारी तिजोरीतून सुटला.

आणि 1908 मध्ये वॉल्टर मॅकमरो कॅव्हना पार्लमेंटात गेला. कार्लोमधूनच. राष्ट्रवादी पक्षाकडून, म्हणजे ज्या होमरूलवाल्यांनी 1880 मध्ये बापाची जागा घेतली त्यांच्याच रांगेत. 1910 पर्यंत तो तिथे होता. 1922 मध्ये वारला, त्याच वर्षी आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आलं.

ताई बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, मग जमीन विकली गेल्यावर कुळांनी त्याच घरातल्या मुलाला बिनधास्त निवडलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं, तेच. मालक राहिला नाही तेव्हा उमेदवार म्हणून चालला. हे वाक्य त्यांनी स्वतः संहितेत घातलं.

3 सप्टेंबर

चारही भागांचं मिश्रण पूर्ण. पहिल्या भागात शरीराचा उल्लेख विसाव्या सेकंदाला आहे, ताईंचं खरं झालं. नाव मात्र 'बॉरिसचा जमीनदार' असंच राहिलं. मामांनी दुसरा भाग ऐकला आणि तेवढ्यापुरतीच हरकत घेतली: साखळी ओढल्याचा आवाज आम्ही लोखंडी कडीचा टाकलाय, तो फार जड वाटतो, बारीक हवा. ध्वनिसंयोजक उद्या बदलून देतोय, मग पाठवायचं.